बहरीनला जायचंय? मग परतीचा हिशेबही आत्ताच करा

(दासगाव येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



बैठकीच्या आधी तुमच्यापैकी काहींनी लिहून दिलेले प्रश्न माझ्याकडे आले होते. बहरीनला आयटीवाल्याला किती पगार मिळतो? सिंगापूरचा व्हिसा कसा निघतो? मॉरिशसमध्ये फ्लॅट घेतला तर तिथे राहता येतं का? एका भावाने विचारलंय, व्हानुआटूचा पासपोर्ट पैसे भरून मिळतो हे खरं का? प्रश्न वाचून मला गंमत वाटली. सगळेच बेटांचे होते. म्हणून आजचं बोलणं मी बेटांपुरतंच ठेवतो, आणि त्यातही जास्त बहरीनबद्दल, कारण ते मी आतून पाहिलंय.

माझी ओळख थोडक्यात. लोणेऱ्याला इंजिनियरिंग केलं, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, मग सात वर्षं मनामात होतो. तिथे माझं काम पगाराच्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे पेरोलचं. कोणाला किती पगार, किती कपात, नोकरी संपल्यावर हातात किती, हे सगळं ज्या प्रोग्राममधून निघतं तो आम्ही लिहायचो. त्यामुळे हजारो माणसांच्या नोंदी डोळ्यांखालून गेल्या. अब्बाही बहरीनलाच होते, एसी मेकॅनिक, सत्तावीस वर्षं. म्हणजे आमच्या घरात हा विषय दोन पिढ्यांचा आहे.

जाऊ नका असं सांगायला मी आलेलो नाही. आखाताच्या पैशावर या पट्ट्यातली घरं उभी राहिली, मुलं शिकली, मी स्वतः शिकलो. माझं म्हणणं एवढंच आहे की परदेशात काम करणं, तिथे पैसे गुंतवणं आणि तिथे म्हातारपण काढणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींचे कायदे वेगळे, तिन्हींची किंमत वेगळी. आपली माणसं पहिल्या दरवाजाने आत जातात आणि तिसरा आपोआप उघडेल असं धरून चालतात. तो उघडत नाही. शेवटी ती इथेच परत येतात, आणि ज्या गावात परत यायचं त्याची तयारी कोणीच केलेली नसते.

आधी थोडा इतिहास. आपलं दासगाव बंदर होतं. सावित्रीतून बाणकोटच्या खाडीने समुद्रात जाता यायचं आणि मुंबईची बोट इथे लागायची. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला येताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर पद्मावती बोटीने दासगावलाच उतरले आणि इथून चालत महाडला गेले, हे आपल्याला ठाऊक आहे. याच पाण्याने आपल्या आज्या-पणज्यांची मंडळीही बाहेर गेली. कोकणी मुसलमान मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर खलाशी होते. काही केपटाऊनला स्थायिक झाले, काही मोंबासाला गेले. मुंबईहून आखाताला जाणारी ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘द्वारका’ बोट १९८२ पर्यंत चालू होती. तुमच्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने तिच्या डेकवर गादी टाकून प्रवास केला असेल, विचारून बघा.

बहरीनमध्ये १९३२ साली तेल सापडलं. आखाताच्या अरब किनाऱ्यावर पहिल्यांदा तिथेच. तेव्हा तो सगळा भाग इंग्रजांच्या छायेखाली होता आणि कारभाराची नाळ मुंबईशी जोडलेली होती. चलनसुद्धा रुपया. १९५९ मध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया छापला, आणि १९६५ मध्ये बहरीनने स्वतःचा दिनार आणला तेव्हा १० रुपयांना १ दिनार असा भाव होता. आज तोच दिनार दोनशेहून जास्त रुपयांना पडतो. आपल्या गावातून माणसं तिकडे का गेली, याचं अर्धं उत्तर या एका आकड्यात आहे.

आता पहिला दरवाजा, नोकरी.

बहरीनमध्ये वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही. पगारातून आयकर जात नाही, तेवढं ऐकून आपण खूश होतो. पण ज्या देशात तुम्ही कर भरत नाही, तो देश तुम्हाला पेन्शनही देत नाही. परदेशी कामगाराला तिथे मिळते ती सेवासमाप्तीची रक्कम. २०१२ च्या कामगार कायद्याप्रमाणे हिशेब असा: पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, त्यानंतर वर्षाला एका महिन्याचा. समजा पगार ४०० दिनार आणि नोकरी दहा वर्षं. तीन वर्षांचे ६०० आणि सात वर्षांचे २,८००. एकूण ३,४०० दिनार. म्हणजे सात लाख रुपयांहून जास्त. दहा वर्षं घर सोडून राहिल्यावर शेवटी हातात येणारी ही रक्कम आहे. महाडात एखादी छोटी खोली घ्यायची म्हटली तरी ती पुरायची नाही.

पूर्वी ही रक्कम मालकाने शेवटी एकदम द्यायची असे. अब्बांच्या वेळी तसंच होतं. ते ज्या कंपनीत होते ती बंद पडायला आली तेव्हा त्यांना निम्मी रक्कम मिळाली आणि बाकीची बुडाली. मार्च २०२४ पासून बहरीनने नियम बदललाय. आता मालकाने दर महिन्याला पगाराच्या ४.२ टक्के, आणि तीन वर्षांनंतर ८.४ टक्के, तिथल्या सामाजिक विमा संस्थेकडे भरायचे असतात. ही सुधारणा चांगली आहे. तुम्ही जाल तेव्हा पहिल्या तीन महिन्यांतच आपल्या नावावर पैसे जमा होतात का ते तपासा. न झाल्यास तेव्हाच विचारा. दहाव्या वर्षी विचारून उपयोग नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये परदेशी कामगाराच्या नोंदीत दोन तारखा असायच्या, रुजू झाल्याची आणि परवाना संपण्याची. निवृत्तीच्या तारखेचा रकाना त्याच्यासाठी रिकामाच असायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण नियमच तसा आहे. पण एकदा मी अब्बांच्या वयाच्या एका माणसाची नोंद दुरुस्त करत होतो. तेवीस वर्षांत त्याचा परवाना दोन-दोन वर्षांनी वाढत गेला होता. तेवीस वर्षं त्या माणसाने दोन वर्षांपलीकडचं काही ठरवलंच नसणार.

आणि परवाना कधीही थांबू शकतो. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा लाखाहून जास्त भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. २०२० मध्ये कोविडच्या काळात ‘वंदे भारत’च्या विमानांनी आखातातून कितीतरी माणसं नोकरी गमावून परतली. अशा वेळी नागरिक घरात राहतो आणि परवानाधारक विमानात बसतो.

जाण्याआधीच्या गोष्टीही सांगतो. पासपोर्टवर ईसीआर असेल, म्हणजे दहावी झालेली नसेल, तर बहरीनसकट अठरा देशांत नोकरीला जाताना ई-मायग्रेटवर नोंद आणि मंजुरी लागते. एजंट परवानाधारक हवा आणि त्याची फी नियमाप्रमाणे ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याच्या वर जात नाही. लाख-दीड लाख मागतो तो एजंट कायदा मोडतोय, मग तो कितीही ओळखीचा असो. ईसीआरवाल्यांना ‘प्रवासी भारतीय बिमा योजना’ सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख. दहावी-बारावी-डिग्रीवाल्यांवर ही सक्ती नाही, म्हणून ते कुठलंच संरक्षण न घेता जातात. विम्याबद्दल कोणाच्या मनात शरई शंका असेल तर जाणकाराशी बोला, पण बोलून काहीतरी ठरवा. शंका आहे म्हणून काहीच न करणं हे घरच्यांवर अन्याय करणारं आहे.

आता दुसरा आणि तिसरा दरवाजा, गुंतवणूक आणि निवृत्ती.

२०२२ मध्ये बहरीनने ‘गोल्डन रेसिडेन्सी’ जाहीर केली. व्हॉट्सॲपवर त्याचे मेसेज फिरले, ‘आता बहरीनमध्ये कायमचं राहता येणार’. अटी कोणी वाचल्या नाहीत. जाहीर झाली तेव्हाच्या अटी अशा: तिथे पाच वर्षं काम केलेलं आणि सरासरी पगार महिन्याला किमान २,००० दिनार. किंवा किमान २ लाख दिनारची मालमत्ता. निवृत्त माणसासाठी तिथली किमान पंधरा वर्षांची नोकरी आणि महिन्याला २,००० दिनार उत्पन्न. रुपयांत सांगतो. महिन्याला चार लाखांहून जास्त, किंवा चार कोटींहून महाग घर. याहून लहान परवानेही आहेत, घरमालकांसाठी वगैरे, पण ते ठरावीक वर्षांनी नव्याने काढावे लागतात. आपल्या मेकॅनिक, ड्रायव्हर, दुकानातल्या पोरासाठी यातलं काहीच नाही. माझ्यासारख्या इंजिनियरलाही ते सोपं नाही.

नागरिकत्वाचं काय? १९६३ च्या कायद्यानुसार अरब नसलेल्या माणसाने सलग पंचवीस वर्षं तिथे राहिल्यावर अर्ज करता येतो, आणि अर्ज मान्य करणं पूर्णपणे सरकारच्या मर्जीवर. अब्बांनी सत्तावीस वर्षं काढली. अर्ज करावा असं त्यांच्या मनातही आलं नाही, त्यांच्या खोलीतल्या कोणाच्याही नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्यातल्या काहींना वाटतं, मुसलमान देश आहे, आपल्याला आपलं मानतील. मशीद आहे, अजान आहे, रमजानची रौनक आहे, ते सगळं खरं. पण परवाना देणारा अधिकारी धर्म विचारत नाही, तो पगार आणि पासपोर्ट बघतो. त्यात त्याचा दोष नाही. प्रत्येक देश असंच करतो. आपण मनात वेगळं काही धरू नये एवढंच.

दुसऱ्या बेटांकडे एक नजर टाकू.

सिंगापूर. डिग्रीवाल्यांसाठी ‘एम्प्लॉयमेंट पास’. २०२५ पासून नव्या अर्जाला बहुतेक क्षेत्रांत किमान ५,६०० सिंगापूर डॉलर पगार लागतो, आणि वय वाढेल तशी ही अटही वाढते. तिथल्या सक्तीच्या बचतीत, सीपीएफमध्ये, पासवाल्याला जागा नाही. ती फक्त नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी. कायम रहिवासी झालात तर मुलाला वयात आल्यावर लष्करी सेवा करावी लागते, हे घरात आधी बोलून घ्या.

जपान. हेही बेटांचंच राष्ट्र, पण आपल्यासाठी एका बाबतीत वेगळं. भारत आणि जपानमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. भारतीय कंपनीने काही वर्षांसाठी पाठवलं तर दोन्हीकडे पैसे भरावे लागत नाहीत, आणि पेन्शनच्या पात्रतेसाठी दोन्ही देशांतली वर्षं एकत्र धरता येतात. बहरीनशी आपला असा करार नाही. आयटीतली मुलं पगाराची तुलना करतात तेव्हा ही ओळ कोणी बघत नाही. भाषा मात्र शिकावी लागेल, तिथे पळवाट नाही.

मॉरिशस. तिथे १८३४ नंतर मजुरीच्या करारावर भारतीय नेले गेले, त्यात मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज तिथले नागरिक आहेत आणि शाळेत मराठी शिकतात. पण ते पिढ्यान्‌पिढ्या उसाच्या मळ्यात राबून तिथले झाले, फ्लॅट घेऊन नाही. आज बाहेरच्या माणसाला मान्यताप्राप्त योजनेत ३,७५,००० डॉलरचं घर घेतलं तर राहण्याचा परवाना मिळतो. तीन कोटींहून जास्त. पन्नाशीनंतर निवृत्तांसाठी वेगळा परवाना आहे, त्यालाही दरमहा ठरावीक डॉलर बाहेरून आणावे लागतात.

आणि व्हानुआटू. होय, पैसे भरून नागरिकत्व मिळतं. पण त्या पासपोर्टवर युरोपात व्हिसाशिवाय जाण्याची सवलत युरोपीय संघाने आधी स्थगित केली आणि २०२४ मध्ये कायमची काढली. मार्च २०२५ मध्ये ललित मोदी यांचा व्हानुआटूचा पासपोर्ट रद्द करा, असा आदेश खुद्द तिथल्या पंतप्रधानांनी दिला. शिवाय आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं संपतं. आज या देशात आपली कागदपत्रं जपून ठेवायची सवय आपल्या घराघरात लागली आहे. अशा वेळी एखाद्या रीलवर विश्वास ठेवून आपलं नागरिकत्व सोडायचं का, हे शांतपणे ठरवा.

तेव्हा आपल्यातल्या शंभरातल्या पंचाण्णव जणांचं म्हातारपण इथेच जाणार आहे. हा आकडा कुठल्या पाहणीतला नाही, आजूबाजूला बघून सांगतोय. तुम्हीच आपल्या मोहल्ल्यात मोजा, आखातातून परत आलेले किती आणि तिकडेच राहिलेले किती.

मग पैसा कुठे लावायचा? इथे तीन गोष्टी सांगतो.

एक, जमीन. एनआरआय असताना भारतात शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. फेमा कायद्याने बंदी आहे. वारसाने आलेली ठेवता येते. घर किंवा फ्लॅट घेता येतो. आपल्याकडे काय होतं, पैसे इथे पाठवायचे आणि जमीन भावाच्या नावावर घ्यायची. सातबारावर भावाचं नाव, म्हणजे कायद्याने जमीन भावाची. भाऊ चांगला असतो. पण भावाची मुलं मोठी होतात, तुमची मोठी होतात, आणि वीस वर्षांनी दोन सख्ख्या भावांचं बोलणं कोर्टात होतं. अशी निदान चार घरं तुम्ही आत्ता मनात मोजली असतील. जमीन घ्यायचीच असेल तर परत आल्यावर, नियमात बसून, स्वतःच्या नावावर घ्या. आणि वडिलोपार्जित जमिनीची वारस नोंद आजच करून घ्या. त्यात बहिणींची नावं लागली पाहिजेत. शरियतनेही त्यांचा हिस्सा ठरवून दिलाय आणि तो आपणच बुडवतो.

दोन, ‘हलाल नफा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या योजना. २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए बुडाली. हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे त्यात होते, आणि कित्येकांचे पैसे आखातातल्या कमाईचे होते. व्याज नको म्हणणं हा तुमचा अधिकार आहे. पण महिन्याला ठरावीक मोठा नफा देतो म्हणणाऱ्याला नोंदणी कुठली, ताळेबंद कुठे, हे विचारणं हेही तुमचंच काम आहे. दाढी आणि विश्वास हा ताळेबंद नव्हे.

तीन, स्वतःची पेन्शन स्वतः उभी करा. एनआरआयला एनपीएसचं खातं उघडता येतं. नवीन पीपीएफ उघडता येत नाही, पण इथे असताना उघडलेलं मुदतीपर्यंत चालू राहतं. म्हणजे जाण्याआधी उघडा. पुण्या-मुंबईत चार-पाच वर्षं नोकरी करून निघालात तर पीएफसोबत पेन्शनचे पैसेही काढून घेण्याची घाई करू नका. स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवलं की परत येऊन पुन्हा नोकरी केल्यावर ती वर्षं मोजली जातात, आणि दहा वर्षं पुरी झाली की पेन्शनचा हक्क मिळतो. दोनशे दिनार पाठवत असाल तर त्यातले वीस म्हातारपणाचे, असं पहिल्या महिन्यापासून ठरवा.

इथे बसलेल्या बहिणींसाठी दोन शब्द. परदेशातली नोकरी पुरुषाची, पण इकडचा सगळा कारभार तुमचा असतो. घराचं बांधकाम, मुलांच्या शाळा, सासूची औषधं, ग्रामपंचायतीची पट्टी. तरी बँकेत नॉमिनी भाऊ, घर सासऱ्यांच्या नावावर, आणि करारपत्राची प्रत कोणी बघितलेली नाही. माणूस तिकडे अचानक गेला तर मय्यत आणण्यासाठी कोणाला फोन करायचा हेही ठाऊक नसतं. तुमचा नवरा, भाऊ, मुलगा निघण्याआधी पाच कागदांच्या प्रती घरात ठेवून घ्या: पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार, विमा आणि खात्याचं नॉमिनेशन. त्यावर भारतीय दूतावासाचा नंबर लिहून ठेवा. हे मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. आणि तुमच्यापैकी ज्या नर्सिंग, फार्मसी, आयटी शिकताय त्या स्वतः जाणार असाल, तर आत्तापर्यंतचं सगळं तुम्हालाही तसंच लागू आहे.

आता ज्या जागी परतायचं त्या जागेबद्दल.

समुद्र वाढतोय म्हणून बेटांवरची माणसंही घर सोडतायत. तुवालू नावाचा एक छोटा देश आहे. त्याने ऑस्ट्रेलियाशी करार केला, तो २०२४ मध्ये लागू झाला, आणि त्यानुसार वर्षाला २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात स्थायिक होता येतं. देशाची लोकसंख्या दहा-अकरा हजार. म्हणजे बेट हा काही सुरक्षिततेचा दुसरा शब्द नाही.

आणि आपलं काय? जुलै २००५ च्या पावसात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे डोंगर खाली आले. महाड तालुक्यात दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यातल्या काहींची घरची माणसं इथे बसली आहेत, म्हणून मी जास्त बोलत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्यात होतं आणि त्याच पावसात तळियेवर दरड कोसळली.

आता आपल्या गुंतवणुकीकडे बघा. दिनार आणि रियालमधून आपण काय बांधलं? घरं बांधली, मोठी बांधली. मशिदी सुंदर केल्या, त्याचं अल्लाह अज्र देवो. पण कितीतरी बंगल्यांना वर्षातले अकरा महिने कुलूप असतं. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाशी, खाडीच्या पातळीला बांधकामं झाली. बांधताना मार्बल कुठला हे विचारलं, पाणी कुठून जाईल हे विचारलं नाही. मोठं आजारपण आलं की आजही मुंबई-पुण्याकडे पळावं लागतं, तेही त्या महामार्गावरून, ज्याचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. ज्या वयात माणूस बहरीनहून परततो ते वय साठीचं असतं. साखर, रक्तदाब, गुडघे घेऊन तो येतो. त्याच्यासाठी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीपेक्षा गावात बसणारा डॉक्टर जास्त कामाचा.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाकडे माझी काही मागणी आहे. मोठी नाही.

दरवर्षी सुट्टीला येता, ती एकदा तरी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या आसपास घ्या. बहुतेक ग्रामसभा याच दिवशी असतात. घरच्यांसोबत जाऊन बसा. महिलांची ग्रामसभा तिच्या आधी होते, तिथे अम्मी, बायको, बहीण गेली पाहिजे. दरडीचा धोका असलेल्या घरांची यादी, पावसाळ्यातलं स्थलांतर, आरोग्य उपकेंद्र, हे विषय तिथे मांडायचे असतात. फेसबुकवर मांडून ठराव होत नाही.

फॉर्म ६अ भरा. परदेशात असलेल्या भारतीय नागरिकाला आपल्या गावच्या मतदारसंघात नाव ठेवता येतं. मत द्यायला मात्र स्वतः यावं लागतं. यादीत नाव आहे की नाही एवढं तरी दरवर्षी बघा.

आणि तिसरं, तिकडे असताना गावाच्या नावाने जे ग्रुप चालतात, त्यांत लग्नाच्या आणि मय्यतच्या बातम्यांशिवाय एक काम घ्या. पावसाचं. पाऊस मोजायचं साधं मापक काही हजारांत येतं. शाळेच्या आवारात लावा, मुलांना रोज वाचायला सांगा, आकडे ग्रुपवर टाका. एका रात्रीत किती पाऊस झाला की डोंगराखालच्या घरांनी निघायचं, ते तहसील कार्यालयाशी बोलून ठरवा. निघून जायचं कुठे, त्याची जागाही आधी ठरवा. आकडे साठवण्याचा आणि सूचना पाठवण्याचा प्रोग्राम मी लिहून देतो, फुकट. तो अवघड नाही. रोज सकाळी मापक वाचणारं माणूस मिळणं अवघड आहे.

त्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेची आणखी एक गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. महाडात मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. अभिमान बाळगू या, पण त्यातलं साधं गणितही बघू या. त्यांना जागा देता आली कारण त्यांची जागा इथे होती आणि ते स्वतः इथे होते. गावात आपला शब्द चालायचा असेल तर गावाशी रोजचा संबंध लागतो, वर्षातून एकदा अत्तर आणि चॉकलेट वाटून तो राहत नाही. शेजारच्या बौद्धवाडीतला, मराठा आळीतला, कोळीवाड्यातला माणूस त्याच डोंगराखाली आणि त्याच नदीकाठी राहतो. पावसाचं मापक सगळ्यांचं सारखंच भरतं.

तुमच्यापैकी काही जण पुढच्या महिन्यात निघणार आहेत हे मला ठाऊक आहे. मोकळ्या मनाने जा. चांगलं काम करा, हिशेब ठेवा, दुसऱ्याच्या देशाचा कायदा पाळा, आपल्या देशाचे कागद सांभाळा. आणि जाण्याआधी एका कागदावर दोन गोष्टी लिहा: मी किती वर्षांनी परत येणार, आणि तेव्हा मला दासगावात काय लागणार. तो कागद अम्मीकडे किंवा बायकोकडे देऊन जा. दर सुट्टीत तो काढून बघा.

ज्यांना ग्रॅच्युइटीचा हिशेब किंवा कराराचे कागद दाखवायचे असतील त्यांनी चहाच्या वेळी माझ्याजवळ या. आणि शाळेत मापक बसवायला कोण तयार आहे, त्यांनी नावं आत्ताच द्या, उद्यावर नको.